शिडाच्या होडीची तुटलेली तार-दोरी कमी खर्चात घरीच कशी दुरुस्त करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धोमच्या जलाशयावर जुन्या, सेकंडहँड फायबरच्या शिडाच्या होड्या चालवणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक. होडीचं सामान विकणारं खरं दुकान वाई-साताऱ्यात नाही, सांगली-मिरजेतही नाही. त्यामुळे काही तुटलं की हार्डवेअरवाला, लेथवाला आणि मंडपवाला हेच आपले वाली. इथे लिहिलंय ते १२ ते १८ फुटी, तळ्यावर चालणाऱ्या होडीसाठी. समुद्रावर जाणाऱ्या मोठ्या होडीला यातलं बरंच लागू नाही, तिथे जाणकार माणूसच बोलवा.

नेमक्या कोणत्या तारा-दोऱ्यांबद्दल बोलतोय आपण?

दोन प्रकार आहेत. डोलकाठीला उभं धरून ठेवणाऱ्या तारा, म्हणजे दोन बाजूंचे श्राउड आणि पुढचा फोरस्टे. या एकदा ताणल्या की हलत नाहीत. दुसऱ्या हलत्या दोऱ्या: शीड वर चढवायची हॅलयार्ड आणि शिडाचा ताण कमी-जास्त करायची शीट. हलती दोरी तुटली तर फार तर शीड खाली येतं. उभी तार तुटली तर अख्खी काठी खाली येते, आणि खाली कोण बसलंय हे ती बघत नाही. खर्चाचा सगळा हिशोब या फरकावर करायचा.

मग पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही?

हलत्या दोऱ्या, क्लीट (दोरी अडकवायचा खुंटा), कप्प्या, काठीचा रंग, दोरीच्या टोकांची शिलाई, कव्हर, इथे खुशाल जुगाड करा. उभ्या तारेचं टोक, तिची पिन आणि होडीला जिथे ती अडकते ती पट्टी, या तीन जागी मात्र करू नका. मधली तार सहसा तुटत नाही, टोकं तुटतात. गंमत अशी की या तिन्ही जागा मिळून खर्च फार नसतो. लोक हजारो रुपयांचं नवं शीड शिवून घेतात आणि दहा रुपयांच्या पिनेच्या जागी खिळा घालतात.

पाण्यात असतानाच श्राउड तुटला. आधी काय करायचं?

शीट सोडा. शिडातला वारा आधी काढायचा, बाकी सगळं नंतर.

तुटलेली तार वाऱ्याच्या बाजूची असेल (बहुतेक वेळा तीच असते, कारण ताण तिच्यावर असतो), तर होडीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे फिरवा. म्हणजे चांगली तार वाऱ्याच्या बाजूला येते आणि तुटलेलीवरचा भार जातो. वळताना घाई नको, पण रेंगाळायचंही नाही. मग शीड उतरवायचं आणि रिकामी हॅलयार्ड बाजूला ओढून, श्राउडच्या पट्टीला किंवा होडीच्या काठावरच्या एखाद्या भक्कम कड्याला बांधायची. हा तात्पुरता श्राउड. किनाऱ्यापर्यंत वल्ह्याने जायचं, शीड परत चढवायचा मोह आवरायचा.

पुढची तार तुटली तर उलट: वारा पाठीशी घ्या. मागून येणारा वारा काठीला पुढे ढकलतो आणि बाजूचे श्राउड जरा मागे बांधलेले असल्याने काठी तोल धरते. मग जिबची, म्हणजे पुढच्या लहान शिडाची, हॅलयार्ड पुढे नाकाशी बांधून घट्ट करा.

काठी पडलीच तर आधी माणसं मोजा. मग काठी दोरीने होडीला बांधा. पोकळ ॲल्युमिनियमची काठी पाणी भरून बुडते आणि अजून जोडलेल्या तारांनी होडीला ओढत, आपटत राहते. एप्रिल-मेच्या वळवात हे जास्त होतं. दुपारपर्यंत वारा पडलेला, आणि महाबळेश्वरच्या अंगाने काळं भरून आलं की दहा मिनिटांत पाणी उसळतं. आभाळ तसं दिसलं की काठावर यायचं, तार कितीही नवी असो.

एकच बारीक धागा तुटलाय. तेवढ्यासाठी तार बदलायची?

हो. एकोणीस धाग्यांतला एक गेला म्हणजे एकोणिसावा भाग ताकद गेली, असा हिशोब लोक मांडतात. पण तो ज्या कारणाने गेला, ते कारण उरलेल्या अठरांनाही लागू असतं. बाहेरचा एक दिसतो, टोकाच्या नळीच्या आतले दिसत नाहीत. दोन्ही बाजूंच्या तारा एकाच वयाच्या असतील तर जोडीनेच बदला.

तार तपासायची कशी? वर चढून बघायचं का?

आपल्या होड्यांची काठी दोघं मिळून खाली घेतात. सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवी ठेवा आणि सावलीत निवांत बघा.

जुनी सुती बनियन किंवा कापसाचा बोळा तारेवरून दोन्ही दिशांनी फिरवा. तुटलेला धागा असेल तर कापूस अडकतो. बोटाने करू नका, धागा नखाखाली शिरतो. मग टोकं: तार जिथे दाबलेल्या नळीत शिरते तिथला इंचभर भाग भिंगाने बघा. तांबूस डाग पुसून जातो का? पुसला गेला तर वरवरचा, धुऊन ठेवा आणि पुन्हा बघा. त्याच जागी परत परत येत असेल तर आत काहीतरी चाललंय. नळीवर उभी रेघ दिसली, नळी केळीसारखी वाकलेली दिसली, तर तार बाद.

प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली तार दिसायला छान, पण स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा वरचा पातळ थर टिकायला हवा लागते. वेष्टणाच्या आत ओल साचते, हवा पोचत नाही, आणि आतून खड्डे पडतात. इन्सुलेशन टेप गुंडाळलेल्या जागांचं तेच. वर्षातून एकदा सगळी टेप काढून बघायची.

पट्टी किंवा टोकाला चीर आहे की नुसता ओरखडा, अशी शंका असेल तर डाय पेनिट्रंट वापरा. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा स्प्रे मिळतो: साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या पावडरीचा. जागा साफ करून लाल मारायचा, डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ थांबायचं, पुसायचा, मग पांढरा मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन डबे एकट्याला महाग पडतात. सातारा, कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत एखादं वर्कशॉप ओळखीचं असेल तर तिथे सुट्ट्या पट्ट्या घेऊन जा, पाच मिनिटांचं काम असतं.

दुकानदार विचारतो, "कसली वायर रोप देऊ?" काय सांगायचं?

तीन आकडे लक्षात ठेवा. १×१९ म्हणजे एकोणीस जाड धागे एकत्र पिळलेले: ताठ, कमी ताणली जाणारी, सर्वात मजबूत. श्राउडला ही. ७×१९ म्हणजे सात लडी, प्रत्येकीत एकोणीस बारीक धागे: मऊ, कप्पीवरून फिरणारी, त्याच जाडीला कमी मजबूत आणि जास्त ताणणारी. ७×७ या दोघींच्या मधली.

३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या १×१९ तारेची तुटण्याची मर्यादा साधारण अशी: ३ मिमीला ७०० किलोच्या थोडी वर, ४ मिमीला १२५० किलोच्या आसपास. ३ मिमीची ७×१९ घेतली तर मर्यादा ५०० किलोच्या आत येते. आपल्या होडीवर आधी जेवढ्या जाडीची होती तेवढीच घ्या. जाडी व्हर्नियरने मोजा, पट्टीने अंदाज नको. आणखी जाड घेतली तर काठीच्या वरच्या टोकाला फुकटचं वजन होतं.

आता ग्रेड. आपल्याकडे जिन्याच्या रेलिंगमुळे स्टेनलेस म्हटलं की बरेचदा २०२ हातात पडतं. चकाकतं छान, गंजतंही लवकर. ३०४ गोड्या पाण्याला पुरतं, ३१६ त्याहून टिकाऊ. "लोहचुंबक लावून बघा" हा सल्ला इथे कामाचा नाही, कारण ओढून बारीक केलेली चांगली ३०४ तारही चुंबकाला थोडी चिकटते. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहायला का-कू केली तर उत्तर मिळालं.

गॅल्वनाइज्ड तार चालेल का? फार स्वस्त पडते.

चालते. जस्ताचा थर दिलेली तार स्टेनलेसहून बरीच स्वस्त असते आणि गोड्या पाण्यावर नीट टिकते. माझ्या मते ज्याचं बजेट खरंच तुटपुंजं आहे त्याने २०२ स्टेनलेसच्या नादी न लागता सरळ गॅल्वनाइज्ड घ्यावी. तिचा मोठा गुण म्हणजे ती आजारपण लपवत नाही. जस्त संपलं की तांबूस दिसायला लागते, तेव्हा बदलायची. अधूनमधून जवसाचं तेल कापडाने चोळलं की जास्त चालते. शिडाला मात्र डाग पडतात.

क्लच केबल, किंवा बोअरची मोटार सोडायची तार?

क्लचची तार फार बारीक, नको. बोअरची तार चांगल्या ग्रेडची असेल तर होडीचा श्राउड व्हायला तिची हरकत नाही, पण नवी घ्या. बोअरमधून काढलेली नको.

तारेला डोळा कसा करायचा?

डोळा म्हणजे तारेचं टोक वळवून केलेली कडी. सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, म्हणून जरा सविस्तर.

सर्वात स्वस्त मार्ग बुलडॉग क्लिपचा: यू आकाराचा बोल्ट, वर खोबणीचा तुकडा आणि दोन नट. तात्पुरत्या कामाला उत्तम, कायमचं करू नका. ७×१९ किंवा ७×७ वरच वापरा, १×१९ ताठ असल्याने त्यावर ती नीट पकडत नाही. प्रत्येक डोळ्याला किमान तीन, एकमेकींपासून तारेच्या जाडीच्या सहापट अंतरावर. खोबणीचा तुकडा भार घेणाऱ्या लांब तारेवर बसला पाहिजे आणि यू बोल्ट आखूड, मोकळ्या टोकावर. गावोगावच्या मोबाइल टॉवरच्या ताणतारांवरसुद्धा या उलट्या बसवलेल्या दिसतात. उलट बसवली तर यू बोल्ट भाराच्याच तारेला चिमटतो. पहिल्यांदा ताण दिल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात, कारण तार दबून बारीक होते.

दुसरा मार्ग फेरूलचा: तार डोळ्यातून वळवून छोट्या नळीत घालायची आणि नळी दाबून टाकायची. आत थिंबल, म्हणजे धातूची खोबण, हवीच, नाहीतर तार पिनेवर तीव्र कोनात वाकते. स्टेनलेस तारेला तांब्याची फेरूल लावा, कलई केलेली मिळाली तर उत्तम. गॅल्वनाइज्डला ॲल्युमिनियमची. बाजारात सर्रास ॲल्युमिनियमच मिळते आणि ती स्टेनलेसला लावली तर दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजत जातं. गोड्या पाण्यात हे हळू होतं, पण होतं, आणि आतून होतं. हातोडीने ठोकून फेरूल बसवू नका, एका बाजूने दबते आणि दुसरीकडून घसरते. दोन बोल्ट आवळून दाबायचं साधं हत्यार ऑनलाइन मिळतं, तिघा-चौघांत मिळून एक घ्या. नाहीतर औद्योगिक वसाहतीत क्रेनचे स्लिंग करून देणारे असतात, त्यांच्याकडे प्रेस असतो. आपली फेरूल आणि थिंबल घेऊन जायचं, तार जागेवर कापून घ्यायची.

तिसरा, स्टा-लॉकसारखं यांत्रिक टोक: तारेचे धागे उलगडून मधल्या गाभ्यावर शंकूच्या आकाराचा तुकडा (कोन) बसवायचा आणि दोन पान्यांनी आवळायचं. १×१९ ला घरी करण्यासारखा सर्वात खात्रीचा उपाय हाच. महाग आहे, पण टोकाचं शरीर पुढच्या तारेला पुन्हा वापरता येतं, फक्त आतला कोन नवा घालायचा. पैसे वाचवायचे तर असं करा: वरच्या टोकाला, जिथे लांबी नेमकी लागत नाही, तिथे नेहमीची दाबलेली नळी कारखान्यातून करून आणा आणि खालच्या एकाच टोकाला यांत्रिक टोक लावा. लांबी जागेवर मोजून कापता येते, त्यामुळे चुकीच्या मापाची तार वाया जात नाही.

घरी केलेला डोळा धरेल की नाही, हे कसं कळणार?

भार देऊन. २०० लिटरचा बॅरल पाण्याने भरला की वजन २०० किलोच्या वर जातं. गॅरेजवाल्याकडून चेनपुली आणा, भक्कम तुळईला किंवा झाडाच्या जाड फांदीला लावा, तारेने बॅरल जमिनीपासून चार-सहा बोटंच वर उचला आणि रात्रभर ठेवा. उचलण्यापूर्वी फेरूलच्या दोन्ही कडांशी तारेवर मार्करने बारीक रेघ मारा. सकाळी रेघ फेरूलपासून सरकलेली दिसली तर डोळा घसरतोय, कापून नव्याने करा. बॅरलखाली पाय, पोरं आणि कुत्री येणार नाहीत याची काळजी घ्या. ३ मिमीच्या तारेला एवढी परीक्षा पुरे. जाड तारेला दोन बॅरल लागतील, तेव्हा फांदी कोणाची आहे ते आधी विचारा.

तारेऐवजी डायनिमाची दोरी लावता येते म्हणे?

येते. डायनिमा म्हणजे फार मजबूत प्लॅस्टिक धाग्याची दोरी. थोडी शिकायची तयारी असेल तर आपल्यासारख्यांना हाच सर्वात स्वस्त आणि हलका मार्ग आहे, असं माझं मत. मीटरला भाव तारेपेक्षा जास्त दिसतो, पण टोकं विकत घ्यावी लागत नाहीत. डोळा आपणच विणायचा. ५ मिमीची चांगली बारापदरी डायनिमा अडीच टनांच्या आसपास धरते, पाण्यावर तरंगते आणि गंजत नाही.

विणायला यंत्र लागत नाही. दोरी आतून पोकळ असते. तिचं टोक तिच्याच पोटात घालायचं. आधी दोरी एकमेकीतून ओवून कडी लॉक करायची आणि मग टोक आत पुरायचं. किती? दोरीच्या जाडीच्या ७२ पट, म्हणजे ५ मिमीला ३६ सेंटीमीटर. पुरण्यापूर्वी टोकाच्या पदरांतून एकाआड एक धागे कापून ते निमुळतं करायचं, म्हणजे दोरी जिथे जाडची बारीक होते तिथे एकदम पायरी पडत नाही. शेवटी मोच्याकडे मिळणाऱ्या मेणाच्या दोऱ्याने आरपार टाके. ओवायला खास सुई मिळते, पण बारीक तार मध्ये दुमडून केलेला आकडाही तेच काम करतो. पहिला डोळा विणताना दोरी हातातून निसटते, तिसऱ्यापर्यंत हात बसतो.

सावधगिरी अशी. गाठ मारू नका. डायनिमा इतकी गुळगुळीत असते की गाठ निसटते, आणि नाही निसटली तरी अर्ध्याहून जास्त ताकद जाते. धारदार कडेवर ती कापली जाते, म्हणून पट्टीचं भोक कानशीने गोल करून घ्या आणि थिंबल घाला. उष्णता सोसत नाही, साधारण १५० अंशांच्या आतच वितळते. आणि कायमच्या ताणाखाली हळूहळू लांबत जाते, म्हणून फक्त ताकद बघून बारीक घेऊ नका. ३ मिमी तारेच्या जागी ५ मिमी घ्या. नवी विणलेली दोरी पहिल्या काही फेऱ्यांत बसते, लांब होते. खाली टर्नबकलऐवजी (तार आवळायचा आट्यांचा ताणक) बारीक दोरीचे पाच-सहा फेरे मारून बांधलं की ताणायला वाव राहतो.

पाचगणीच्या पॅराग्लायडरच्या जुन्या दोऱ्या मिळतायत. वापरू का?

उभ्या तारेसाठी नाही. त्या बारीक असतात आणि उन्हात, घड्यांत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या असतात. काही डायनिमाच्या असतात, काही अरॅमिडच्या (केव्हलरसारख्या धाग्याच्या), आणि अरॅमिड वारंवार वाकवलं की आतून तुटतं. पण कप्पी बांधायला, शिडाचे बंद करायला, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या फिती लावायला फुकटात याहून चांगलं काही नाही.

हॅलयार्डला बाजारातली नायलॉनची दोरी चालते का?

आपल्याकडे प्लॅस्टिकची प्रत्येक दोरी नायलॉनचीच असते, निदान दुकानदाराच्या तोंडी. तुकडा मागून घ्या आणि बादलीभर पाण्यात टाका, आतली हवा निघावी म्हणून दाबून धरा. वर आला तर तो पॉलिप्रॉपिलीन: स्वस्त, उन्हाने वर्ष-दोन वर्षांत भुसा होणारा. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. त्यातला रबरासारखा लांबतो तो नायलॉन. होडी बांधायला, नांगराला उत्तम, हॅलयार्डला वाईट, कारण झुळूक आली की शीड खाली सरकतं. हॅलयार्डला आणि शीटला पॉलिएस्टरची वेणी हवी. गिर्यारोहणाची दोरीही नको, ती मुद्दाम लांबण्यासाठीच केलेली असते.

झिजलेली हॅलयार्ड फेकू नका. टोकं उलट करा, म्हणजे कप्पीवर झिजलेला भाग दुसरीकडे जातो.

मंडपवाल्याचे टर्नबकल फार स्वस्त आहेत.

आकड्याचे असतील तर घेऊ नका. आकडा ताणाने उघडतो. दोन्ही टोकांना बंद कडी किंवा पिनेचा चिमटा असलेले घ्या. स्टेनलेसमध्ये स्टेनलेसचा आटा कोरडा फिरवला की एकदम जाम होतो आणि मग करवतच लागते, म्हणून बसवण्याआधी ग्रीस लावा. पितळी पोटाचे जुने कुठे भंगारात दिसले तर सोडू नका. बसवल्यावर फिरू नयेत म्हणून तारेने किंवा स्प्लिट पिनेने अडकवा. नुसत्या चेकनटवर विसंबू नका.

पिनेच्या जागी नट-बोल्ट?

नको. बोल्टच्या आट्यावर भार येतो, आटे पट्टीचं भोक किसतात आणि आट्याच्या खाचेतच बोल्ट तुटतो. गुळगुळीत क्लेविस पिन लेथवाला ३०४ किंवा ३१६ च्या सळईतून अर्ध्या तासात करून देतो. भोकात खुळखुळणार नाही अशा मापाची मागा. तिच्या टोकाला स्प्लिट पिन. दुकानात कॉटर पिन म्हणालात तर काही ठिकाणी सायकलच्या क्रँकची पिन हातात पडेल. स्प्लिट पिनेचे पाय थोडेच उघडा, पूर्ण मागे दुमडले तर काढताना तुटतात आणि आणीबाणीत निघत नाहीत. वर टेप गुंडाळा, नाहीतर शीड फाटतं. एकदा काढलेली स्प्लिट पिन पुन्हा घालू नका, मूठभर पिना फार तर चहाच्या पैशांत येतात.

पट्टी एमआयडीसीत करून घेतली तर?

घ्या. जुनी पट्टी नमुना म्हणून न्या, ग्रेड लिहून द्या, भोक ड्रिलचं मागा आणि कडा गोल करून घ्या. भोकाजवळ वेल्डिंग नको. पॉलिश करून आणा, खडबडीत पृष्ठभागावर गंज लवकर धरतो. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून त्यात पट्टी तासभर बुडवली तर लेथवरचे लोखंडाचे कण निघून जातात आणि नंतरचे तांबूस ठिपके टळतात.

काठीच वाकली किंवा मोडली. वेल्डिंग करू?

ॲल्युमिनियमच्या काठीला वेल्डिंग केलं की त्या जागचा धातू मऊ पडतो आणि काठी तिथेच पुन्हा दुमडते. सलग, हलका बाक असेल तर दोन घोड्यांवर ठेवून हळूहळू सरळ करता येतो. घडी पडली असेल तर सरळ करू नका, ती जागा कापून काढा. आतून बसणारी नळी, दोन्ही बाजूंना काठीच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त आत जाईल अशी, घालून रिव्हेट मारा. रिव्हेट एका रेषेत नकोत, आलटून पालटून मारा. लोखंडी पॉप रिव्हेट गंजतात. काठीवर स्टेनलेसचं काही बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा टेप घाला, दोन धातू थेट भिडू देऊ नका.

हंगाम वाया जाऊ नये म्हणून तोवर बांबू लावता येतो. माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि कोल्हापूर-कोकणाकडून सहज मिळतो. लहान शीड आणि मंद वारा एवढ्यावर भागवा. तारा बांधायच्या जागी भोक पाडू नका, दोरीचे फेरे मारून कडी बांधा. भोक पाडलं की बांबू तिथून चिरतो.

तारा किती ताणायच्या? मोजायचं यंत्र महाग आहे.

१×१९ तारेला यंत्राशिवाय मोजता येतं. सुताराची २ मीटरची घडीची पट्टी घ्या. तार सैल असताना पट्टीचं वरचं टोक टेपने तारेला पक्कं चिकटवा. खालचं टोक जिथे येतं तिथे तारेवर टेपचा तुकडा लावून बारीक रेघ मारा. आता टर्नबकल आवळत जा. तार लांबते, पट्टी लांबत नाही, म्हणून रेघ पट्टीच्या टोकापासून दूर सरकते. १ मिमी सरकली म्हणजे तुटण्याच्या मर्यादेच्या ५ टक्के ताण आला, ३ मिमी म्हणजे १५ टक्के. तार ३ मिमीची असो की ४ मिमीची, हिशोब तोच. ७×१९ ला किंवा दोरीला हे लागू नाही.

लहान होडीला १५ टक्के म्हणजे वरची सीमा समजा. जुन्या फायबरची होडी असेल तर त्याआधीच थांबा, नाहीतर काठी होडीच्या तळात रुतायला लागते. मध्यम वाऱ्यात वाऱ्याच्या उलट बाजूची तार किंचित सैल दिसावी, लोंबू नये. दोन्ही बाजूंनी सारखेच फेरे द्या. हॅलयार्डच्या टोकाने श्राउडच्या दोन्ही पट्ट्यांपर्यंतचं अंतर मोजून काठी मध्यावर आहे का बघा. मग काठीच्या खोबणीतून तळाकडून वर एक डोळा मिटून बघा, वाकडेपणा लगेच दिसतो.

मिरजेचा एक सतारीवाला ओळखीचा आहे, तो तार छेडून ताण सांगतो. आपल्याला तो कान नाही, आपण पट्टी वापरावी.

काठी उभी करताना काय जपायचं?

वरच्या विजेच्या तारा. हे गमतीत घेऊ नका. जलाशयाच्या काठाला शेतीपंपांच्या लाइन गेलेल्या असतात, आणि उन्हाळ्यात जिथून होडी सोडता तिथे वर तार नसते, पण पावसाळ्यानंतर पाणी चढलं की तीच होडी तारेच्या पुढ्यात येते. ॲल्युमिनियमची काठी, स्टीलच्या तारा आणि ओले हात. ११ केव्हीच्या तारेला टेकायचीही गरज नसते, फार जवळ गेली तरी पुरे. होडी ट्रेलरवरून नेतानाही काठी आडवीच. सांगलीत कृष्णेवर शीड लावणाऱ्यांनी आयर्विन पुलाखालची मोकळी उंची पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलते हे ध्यानात ठेवावं, आणि नदी ओलांडून जाणाऱ्या तारांचंही.

परवानगी लागते का?

धरणाच्या पाण्यावर उतरण्याआधी जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारा. कोयनेच्या शिवसागराला लागून अभयारण्य आहे, तिथे वन विभागालाही विचारावं लागतं. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून.

पावसाळ्यात तारा काढून ठेवाव्यात का?

काठी उतरवा, सगळ्या तारा सोडवा, गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि दोन फुटांच्या मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा. लहान वेटोळं केलं की १×१९ ला कायमचा बाक पडतो. प्रत्येकीला डावी, उजवी, पुढची अशी चिठ्ठी बांधा, कारण जूनमध्ये सगळं लक्षात असतं आणि ऑक्टोबरमध्ये काहीच नाही. टर्नबकल काढण्याआधी किती आटे बाहेर होते ते चिठ्ठीवरच लिहा. दोऱ्या कोमट पाण्यात थोड्या साबणाने भिजवून, वाळवून, दारामागे खिळ्याला टांगा. पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या तर उंदीर कुरतडतात. त्यांना पॉलिएस्टर आणि नायलॉनमधला फरक कळत नाही, सगळंच आवडतं.